कुड्याची साल

उन्हाळा सरत आला कीं रत्नागिरीच्या डोंगरउतारांवर कुडा पांढऱ्या फुलांनीं बहरतो. कालिदासाच्या यक्षानें मेघाला अर्घ्य दिलें तें याच कुटजाच्या फुलांनीं. कोंकणांतील घरांत मात्र कुड्याची ओळख काव्यांतून होत नाहीं. ती आंवेच्या दुखण्यांतून होते. पोटांत मुरडा उठला कीं सालीचा काढा द्यावयाचा, ही तिकडची जुनी रीत. इतकें परिचित असें हें औषध; पण दूरच्या बाजारांत एकदां त्याची पत गेली, आणि ती गेली दुसऱ्याच एका झाडापायीं.

कुडे दोन आहेत. औषधाचा तो पांढरा कुडा. त्याचा सोबती काळा कुडा. दोघांनाही पांढरीं फुलें, दोघांनाही पांढरा चीक, दोघांच्याही शेंगा जोडीनें लागतात. फरक एवढाच, कीं काळ्या कुड्याच्या कोंवळ्या शेंगा टोकांशीं जुळलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या लोंबतात. चरकसंहितेच्या कल्पस्थानांतही कुटजाचे पुरुष व स्त्री असे दोन भेद सांगितले आहेत. काळा कुडा कांहीं टाकाऊ नव्हे. त्याच्या पाल्यापासून निळा रंग निघतो, आणि चन्नपट्टणचीं प्रसिद्ध खेळणीं त्याच्याच लांकडाचीं होतात. पण आंवेवर त्याच्या सालीचा भरंवसा धरतां येत नाहीं. झाड उभें असेल तों रानांत वावरणाऱ्याला भेद कळतो. साल काढून, वाळवून, तुकडे करून गोणींत भरली कीं पान गेलें, शेंग गेली, आणि उरला तो विकणाराचा शब्द.

गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ सालीं गोव्यास आला. १५६३ सालीं तेथेंच छापलेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें अतिसारावरील एका मलबारी वनस्पतीचें वर्णन केलें आहे. ती कुडाच, असें अभ्यासक मानतात. पुढें अठराव्या शतकांत ही साल ‘कोनेसी’ व ‘तेलिचेरी’ या नांवांनीं युरोपांत गेली. आरंभीं तिची वाहवा झाली, मग गुण येईना, आणि वैद्यांनीं ती टाकून दिली. एकोणिसाव्या शतकांतील औषधिग्रंथांनीं याचें कारण दिलें तें असें, कीं खऱ्या सालीच्या जागीं काळ्या कुड्याची निर्गुण साल खपविली जात होती. व्यापाऱ्यांनाच दोष कां द्यावा? वनस्पतिशास्त्रज्ञांनींही या दोन झाडांच्या शास्त्रीय नांवांचा दीर्घकाळ घोळ घातला होता.

गंमत अशी, कीं युरोपांत पत गेलेल्या या सालींतून हेन्स यांनीं १८५८ सालीं मुंबईस एक क्षारसत्त्व वेगळें काढलें. तेंच आज ‘कोनेसीन’ म्हणून ओळखलें जातें. तरीही रुग्णांचा ओढा ब्राझीलहून येणाऱ्या इपेकाकच्या मुळीकडेच राहिला, आणि १९१२ सालीं लिओनार्ड रॉजर्स यांनीं कलकत्त्यास एमेटीनचीं इंजेक्शनें देण्यास आरंभ केल्यावर तर तो अधिकच वाढला. घरच्या डोंगरावरील औषध डोंगरावरच राहिलें.

बाजारांतील भेसळीची सरकारी चौकशी व्हावयास १९३० साल उजाडलें. कर्नल चोप्रा यांच्या समितीनें १९३१ सालीं अहवाल दिला. त्यांतून १९४० चा औषधांचा कायदा आला. आयुर्वेदीय औषधें त्यांत १९६४ सालीं घेतलीं गेलीं. मात्र अशीं औषधें बनविण्यास परवाना लागत असला, तरी नुसत्या विक्रीस लागत नाहीं.

आज साल पाहून घेण्याचीही सोय कमी झाली आहे. दूरध्वनीच्या पडद्यावर चित्र दिसतें, पैसे आधीं जातात, पुडकें मागाहून येतें; विकणारा कोणत्या गांवचा हेंही पुष्कळदां कळत नाहीं. अशोकाच्या सालीच्या नांवाखालीं आसुपालवाची साल विकली जाते, हा प्रकार तर जाणत्यांना पाठ आहे. म्हणून मुरलेला वैद्य चूर्ण घेत नाहीं, अखंड तुकडे मागतो. पांढऱ्या कुड्याची साल जाड, खडबडीत, मळकट पिवळसर आणि जबर कडू. काळ्याची त्या मानानें गुळगुळीत, तांबूस, आणि कडवटपणा नांवाला. चूर्ण झाल्यावर रंग व पोत जातो. मग सूक्ष्मदर्शकाशिवाय खात्री नाहीं.

या दोन झाडांच्या बियांना मात्र बाजारानें पूर्वींच निराळीं नांवें दिलीं आहेत: पांढऱ्याचे ते कडू इंद्रजव, काळ्याचे ते गोड. सालीच्या वांट्याला असें नांव कधीं आलें नाहीं.