वकिलावाचून न्याय : १८७९ च्या दख्खनी कायद्याची हकीकत

१८७५ सालच्या मे महिन्याच्या १२ तारखेस, भीमथडी तालुक्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी, भोवतालच्या खेड्यांतून जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरे व दुकाने लुटली. या दंग्याचा विशेष असा, की जमावाचा रोख माणसांच्या जिवावर फारसा नव्हता. तो कागदांवर होता. खते, कर्जरोखे, हुकूमनामे हाती लागतील तेथे फाडले व जाळले गेले. ज्या कुणब्याला अक्षर वाचता येत नव्हते, त्याला कोणत्या कागदाने आपले शेत जाते हे मात्र पक्के उमगले होते.

दंग्याच्या चौकशीसाठी सरकारने मंडळ नेमले, आणि जे उघडकीस आले ते दंग्याहूनही उद्वेगजनक होते. सावकारांचे बहुतेक दावे एकतर्फी निकालात निघत. कोर्ट तालुक्याच्या गावी. तेथवरची पायपीट, बुडालेली मजुरी, कारकुनाची मनधरणी आणि वकिलाची फी यांचा हिशेब करून कर्जदार घरीच बसे. न्यायाधीशापुढे खत असे व खताखाली नांगराची निशाणी असे. निकालास तेवढे पुरे होई. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने दावा लावण्याचा काळ तीन वर्षांवर आणला, तो खरे तर ऋणकोच्या सोयीसाठी. परिणाम उलट झाला : मुदत भरत आली की सावकार व्याज मुदलात मिळवून नवे खत लिहून घेई. त्याच वर्षीच्या दिवाणी कायद्यात नादाराला फी न भरता दावा लावण्याची सवलत होती. पण ती वादीला. कुणबी तर नेहमीचा प्रतिवादी! त्या सवलतीचा त्याला काय उपयोग?

पुण्याच्या सार्वजनिक सभेचे आधारस्तंभ गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, हे स्वतः वकील. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांचे वकीलपत्र घेणारे ते हेच. वकिलीवर पोट असलेल्या या गृहस्थाने लवाद कोर्टांचा पुरस्कार करावा, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. उभय पक्षांनी पंच मान्य करावेत, थोडक्या खर्चात निवाडा घ्यावा, असा तो बेत होता. विल्यम वेडरबर्न या इंग्रज अधिकाऱ्यानेही पंचायतीच्या मार्गाची बाजू उचलून धरली. परंतु लवादास दोघांची संमती लागते, आणि ज्याच्या हाती खत आहे त्याने ती का द्यावी? या पेचातून मार्ग काढण्याचे सामर्थ्य कायद्यातच होते.

तो कायदा १८७९ साली झाला, आणि पुणे, सातारा, सोलापूर व तेव्हाच्या अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. किरकोळ रकमेचे दावे गावातच ऐकण्यास ग्राम मुन्सफ. इतर दाव्यांत आधी तडजोड करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जावे, त्याचा दाखला असल्यावाचून कोर्टाने फिर्याद घेऊ नये. शेतकऱ्यास कर्जापायी तुरुंगात घालू नये. यांपैकी तडजोडीची योजना फार नावाजली गेली. पण तिचीच बाजू लंगडी पडली. तडजोडीच्या नावाखाली सारी रक्कम कबूल करवून घेतली, की कोर्टाची चौकशी सहज चुकवता येई.

कायद्याचा खरा कणा होता कलम ७ आणि कलम १२ यांत. न्यायाधीशाने प्रतिवादीस स्वतः साक्षीदार म्हणून तपासावे. न तपासल्यास कारण लिहून ठेवावे. मागणीबद्दल वाद असेल तर व्यवहाराच्या आरंभापासूनचा इतिहास खणून काढावा. खताखालच्या निशाणीवर भागवून घेण्याची वाट बंद झाली. जे प्रश्न एरवी वकिलाने विचारायचे, ते विचारण्याचे ओझे कायद्याने न्यायासनावर टाकले.

वकिलांविषयी हा कायदा एकाच वेळी दोन दिशांनी चालला. कलम ६८ ने तडजोडीच्या व ग्राम मुन्सफाच्या कामी वकिलांस मज्जाव केला, आणि शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांतही न्यायाधीशाच्या परवानगीखेरीज त्यांना येऊ दिले नाही. कलम ६९ ने मात्र, सावकाराचा वकील उभा असेल आणि शेतकऱ्यास वकील देण्याची ऐपत नसेल, तर सरकारी वकिलास किंवा दुसऱ्या योग्य व तयार असलेल्या गृहस्थास त्याच्या बाजूने उभे करण्याचा अधिकार न्यायाधीशास दिला. हे कलम मोलाचे, पण दुबळे. ती न्यायाधीशाची मर्जी होती, शेतकऱ्याचा हक्क नव्हे. वकिलास दाराबाहेर ठेवल्याने दुबळा सबळाच्या तोलाचा होतो, ही समजूतही भाबडीच म्हणावी लागेल. सावकार हाच मुळी मुरलेला पक्षकार; त्याला कोर्टाची वाट वकिलाइतकीच पाठ असे.

त्याने वाट शोधलीही. गहाणखताऐवजी तो खरेदीखत लिहून घेऊ लागला. पैसे फिटले की जमीन परत, हे बोलणे तेवढे तोंडी. लेखापुढे तोंडी पुरावा चालेना, म्हणून पुढे कलम १०-अ घालावे लागले. त्याने अशा खरेदीमागचे खरे स्वरूप पाहण्याची मुभा कोर्टास मिळाली. या कायद्याखालच्या पुष्कळ निकालांवर अपील नसे. त्याऐवजी खास न्यायाधीशाने कोर्टांचे दप्तर तपासावे अशी व्यवस्था होती. १८८७ ते १८९३ या काळात महादेव गोविंद रानडे त्या जागी होते आणि कामाच्या तपासणीसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरत होते.

कलम ६९ मधील मर्जीचा हक्क होण्यास मात्र पिढ्या लागल्या. १९४९ मध्ये मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली गरिबांस कायद्याचे साहाय्य देण्याविषयी समिती नेमली. १९७६ मध्ये राज्यघटनेत अनुच्छेद ३९-अ आला. आणि विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क सांगणारा १९८७ चा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अमलात आला.