आर्ट डायरेक्टर ते टाइप डायरेक्टर

हल्ली कॉर्पोरेट जगात एक प्रकार बराच दिसतो. मोठ्या कंपनीत डिझाइन हेड असलेला माणूस (किंवा बाई) एक दिवस राजीनामा देतो आणि जाहीर करतो, की यापुढे मी स्वतः डिझाइन करणार नाही, कंपन्यांमधल्या डिझाइन टीम्सना सक्षम करणार. मग वर्कशॉप, भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या, दोन दिवस हॉटेलात जेवण. आम्हा कोड लिहिणाऱ्यांना याचं जरा हसू येतं. टीमला चिठ्ठ्यांनी नेमकं कोणतं बळ मिळतं, हा प्रश्न मी दोन-तीन जणांना विचारून पाहिला. उत्तर मिळालं, पण ते आणखी एका चिठ्ठीवर मावेल एवढंच होतं :)

असो. पण हाच प्रवास एका मराठी माणसाने 1983 साली केला होता, आणि त्याचं फळ माझ्या अकोल्यातल्या डीटीपीच्या दुकानापर्यंत पोचलं. गंमत म्हणजे त्या दुकानदाराला त्या माणसाचं नावही माहीत नाही. तुमच्यापैकीही अनेकांना नसेल. रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजे र. कृ. जोशी. जन्म 1936, शिक्षण मुंबईच्या जे. जे. उपयोजित कला संस्थेत, आणि नंतर दोन दशकं 'उल्का' या जाहिरात संस्थेत आर्ट डायरेक्टर. 'उल्का' 1961 साली बाळ मुंडकूरांनी काढली आणि पुढे ती देशातल्या मोठ्या एजन्सींमध्ये गणली गेली. त्या काळात अशा ठिकाणी आर्ट डायरेक्टर असणं म्हणजे काय ते आजच्या भाषेत सांगायचं तर मुंबईत केबिन, हाताखाली टीम आणि मोठे क्लायंट.

ते सोडून जोशी 1983 मध्ये पवईला आयआयटीच्या आयडीसीत प्राध्यापक म्हणून गेले. आयडीसी म्हणजे औद्योगिक डिझाइन शिकवणारं केंद्र, सुधाकर नाडकर्णींच्या पुढाकाराने 1969 साली सुरू झालेलं. (आपल्याकडे अकोल्याचं कृषी विद्यापीठ त्याच वर्षीचं. आणि जोशी पवईला गेले त्या 1983 मध्ये अमरावती विद्यापीठ निघालं. याचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण वऱ्हाडी माणसाला तारखा अशाच लक्षात राहतात.) जाहिरातीत अक्षर काढायचं ते एका मोहिमेपुरतं. मोहीम संपली की अक्षर गेलं रद्दीत. शिकवायला गेलं की पुढची पन्नास-शंभर मुलं वेगवेगळ्या कंपन्यांत जाऊन अक्षरं काढणार. इथपर्यंत हा करिअर बदल समजण्यासारखा आहे, असे बदल अनेकांनी केले.

माझ्या मते खरा बदल त्यानंतरचा आहे. पण त्याच्या आधी थोडं वऱ्हाडात जाऊन येऊ.

अमरावती जिल्ह्यात ऋद्धपूर आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं ते इथे, मराठी गद्याचा आद्य ग्रंथ. (आता तिथे मराठी भाषा विद्यापीठही झालंय.) महानुभाव पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्यांमध्ये उतरवून ठेवले. भाषा मराठीच, पण एका अक्षराच्या जागी दुसरंच चिन्ह. किल्ली माहीत असेल तर वाचा, नाहीतर समोर नुसत्या खुणा. पंथाबाहेरच्या अभ्यासकांना हे ग्रंथ उलगडायला विसावं शतक उजाडावं लागलं.

आता गंमत बघा. 1990 नंतर वऱ्हाडातल्या प्रत्येक डीटीपीच्या दुकानात, कुणाचाही तसा हेतू नसताना, नेमका हाच प्रकार चालू होता!

त्या वेळचे मराठी फाँट म्हणजे शुद्ध फसवणूक होती. संगणकाच्या लेखी फाइलमध्ये मराठी नसायचंच, इंग्रजी अक्षरं असायची. फक्त 'डी'च्या जागी फाँट बनवणाऱ्याने 'क'चं चित्र बसवलेलं असायचं. 'कि' लिहायचं तर आधी वेलांटीचं बटण, मग 'क', कारण ती डावीकडे दिसते. रेमिंग्टनच्या टाइपरायटरची सवय जशीच्या तशी पडद्यावर. त्यातही कृतीदेवचा नकाशा वेगळा, श्रीलिपीचा वेगळा, सी-डॅकच्या 'सुरेख' आणि 'योगेश'चा वेगळा. म्हणजे सकळ लिपी, सुंदरी लिपी... आणि श्रीलिपी! किल्ली असलेला फाँट मशीनवर नसला की पडद्यावर इंग्रजी कचरा.

आमच्या गल्लीतले डीटीपीवाले काका हे दोन वाक्यांत सांगायचे. "भाऊ, फाँट नाई तं काईच नाई. सीडीसंगं फाँट बी आणा लागते." लग्नपत्रिका अकोल्यात कंपोज करून अमरावतीला छापायची, तर फाइलबरोबर फाँटही जायचा. नाहीतर वधूच्या मामांचं नाव कुठल्या कुठे.

लग्नपत्रिकेचं निभावून जायचं. कंपन्यांचं बघा. बँकेचं मराठी माहितीपत्रक, विम्याचा फॉर्म, ट्रॅक्टरचं मॅन्युअल, हे सगळं बाहेर डीटीपीला जायचं. परत यायचं ते चित्र म्हणूनच. डिझाइन टीमला त्यातला एक शब्द बदलायचा, तर पुन्हा बाहेर. फाँट बदलून बघायचा म्हटलं तर मजकूरच मोडायचा. मजकूर आणि त्याचं रूप वेगळं ठेवा, ही आपल्या धंद्यातली बालवाडीतली शिकवण, पण मराठीत ती पाळणंच अशक्य होतं. अशा टीमला तुम्ही कितीही वर्कशॉप द्या, ती काय सक्षम होणार? तिच्या हातात सामानच नव्हतं.

याच्यावरचा उपाय कागदावर तयार होता. सी-डॅकच्या जिस्ट तंत्रज्ञानातून आणि 1988 च्या इस्की मानकातून एक शहाणी कल्पना आली होती, की संगणकात उच्चाराप्रमाणे अक्षर साठवायचं आणि दाखवताना त्याचा आकार ठरवायचा. युनिकोडने देवनागरीसाठी तीच मांडणी घेतली. म्हणजे 'कि' साठवताना आधी क, मग वेलांटी. 'क्ष' साठवताना क, हलन्त, ष. पडद्यावर वेलांटी डावीकडे नेणं आणि 'क्ष' जोडणं हे सॉफ्टवेअरचं काम. पण सॉफ्टवेअरला हे कळणार कसं? कोणत्या अक्षरांचं जोडाक्षर होतं, कुठे अर्धं अक्षर चालतं, रफार कुठे बसतो, उकार किती खाली जातो, हे सगळं फाँटच्या आत तक्त्यांमध्ये लिहून द्यावं लागतं. त्या तक्त्यांना ओपनटाइप म्हणतात. आणि ते लिहायला असा माणूस लागतो, ज्याला बोरूचा कोनही कळतो आणि प्रोग्रॅमरशी भांडताही येतं.

आयडीसीनंतर जोशी जुहूच्या एनसीएसटीत गेले. हे सरकारी सॉफ्टवेअर संशोधन केंद्र, 2003 मध्ये ते सी-डॅकमध्ये विलीन झालं. विचार करा, साठीला आलेला सुलेखनकार, ज्याने उमेदीची वीस-बावीस वर्षं जाहिरातीत आणि पुढची बारा-तेरा वर्गात घालवली, तो सॉफ्टवेअरवाल्यांच्यात जाऊन बसतो. मला हा बदल 1983 च्या बदलापेक्षा जास्त धाडसी वाटतो. तिथे तो आर्ट डायरेक्टरचा प्रोफेसर झाला, मान तोच राहिला. इथे मात्र त्याच्या रेषेचा कस पंधरा-सोळा पिक्सेलच्या उंचीत लागणार होता.

एनसीएसटीतल्या त्यांच्या चमूने मायक्रोसॉफ्टसाठी भारतीय लिप्यांचे फाँट केले. 2000 साली विंडोज 2000 बरोबर देवनागरीचा 'मंगल' आणि तमिळचा 'लता' आला. पुढच्या वर्षी एक्सपीबरोबर गुजरातीचा 'श्रुती', तेलुगूचा 'गौतमी', कन्नडचा 'तुंगा', गुरमुखीचा 'रावी'. या फाँटची नोंद उघडून बघितली तर 'मंगल'चे डिझायनर म्हणून दोन नावं दिसतात. रघुनाथ जोशी, कंसात 'टाइप डायरेक्टर', आणि विनय सायनेकर. मला हा कंस फार आवडतो. जाहिरातीतला आर्ट डायरेक्टर इथे टाइप डायरेक्टर झालाय, आणि त्याच्या नावाशेजारी ज्याने प्रत्यक्ष अक्षरं काढली त्या तरुणाचंही नाव आहे. एजन्सीच्या जाहिरातीवर कुणाचंच नाव नसतं.

आता 'मंगल' सुंदर आहे का? छे! पडद्यावर वाचता यावा म्हणून केलेला फाँट, कागदावर तो किरकोळ आणि पोरका दिसतो. सुलेखनकार जोशींचा हात बघायचा असेल तर 'मंगल'कडे बघू नका. शिवाय एकाच फाँटमध्ये मराठी, हिंदी, नेपाळी, संस्कृत सगळ्यांना बसवायचं म्हटलं की कुणाचं तरी वळण मागे पडणार. आपला पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हे शासनाला 2009 मध्ये निर्णय काढून सांगावं लागलं, ते काही उगाच नाही. ज्याची रेष ओळखू यावी अशा कलावंताने एवढा बेचव फाँट का करावा, असं मलाही बराच काळ वाटायचं. आता वाटतं, त्यांनी हे जाणूनबुजून पत्करलं असणार. तळाचा दगड कोरीव असून चालत नाही, सपाट लागतो.

आणि तो दगड फक्त एका कंपनीच्या अंगणात राहू नये, याचीही सोय झाली. त्याच एनसीएसटीतून जोशींचा 'रघु' हा देवनागरी फाँट जीपीएल परवान्याखाली आला. म्हणजे कुणीही घ्या, बदला, वाटा. लिनक्सवर मराठी दिसावी म्हणून धडपडणाऱ्या पोरांना तो फुकट मिळाला. एका हाताने जगातल्या सगळ्यात मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीला सामान पुरवायचं आणि दुसऱ्या हाताने तिच्या विरोधकांनाही. एजन्सीच्या नियमात हे बसलं नसतं.

वऱ्हाडात हे सगळं पोचायला वेळ लागला. एक्सपीवर मराठी आपोआप चालू नव्हती, हे जुन्या लोकांना आठवत असेल. कंट्रोल पॅनेल, रीजनल अँड लँग्वेज, तिथे 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'समोर टिचकी, आणि मग विंडोजची मूळ सीडी मागायचा. मूळ सीडी! अकोल्यात! सुट्टीत घरी गेलो की माझं निम्मं काम तेच असायचं, सीडी घेऊन गल्लीभर फिरायचं. काकांनी पहिल्यांदा 'मंगल'मध्ये टाइप करून पाहिलं तेव्हा तोंड वाकडं केलं. "हे तं बारीक दिसते राजेहो, पत्रिकेले चालत नाई." खरं होतं. छपाईसाठी त्यांनी श्रीलिपी पुढे कितीतरी वर्षं सोडली नाही. पण गिऱ्हाईक ईमेलमध्ये मजकूर पाठवायला लागलं, अमरावतीच्या प्रेसशी बोलताना फाँट मागणं थांबलं, आणि मजकुरात चूक निघाली तर गिऱ्हाईक ती घरीच दुरुस्त करून पाठवू लागलं. काकांचा कंपोजिंगचा धंदा त्यामुळे कमी झाला, हेही नोंदवायला हवं. प्रत्येकाच्या हातात टाइप करण्याची सोय दिली की आधी जो ते करत होता, त्याचं पोट मारलं जातं. त्यांचा मुलगा आता त्याच दुकानात फ्लेक्सची डिझाइनं करतो.

जोशी फेब्रुवारी 2008 मध्ये गेले. विंडोज 8 आल्यापासून 'मंगल'च्या जागी 'निर्मला' हा फाँट आहे, आणि विंडोज 10 पासून 'मंगल' हवा असेल तर वेगळा उतरवून घ्यावा लागतो. हिंदी टायपिंगच्या परीक्षांना बसणारी मुलं मात्र अजून "मंगल की कृतीदेव?" असं विचारतात. काकांच्या कपाटात जुन्या सीड्या आहेत, 1996-97 पासूनच्या. त्यातल्या काही मी मागच्या दिवाळीत उघडल्या. फाइली शाबूत आहेत, पण आत सगळी इंग्रजी अक्षरं. कोणत्या सीडीला कोणता फाँट होता, ते काकांना आता आठवत नाही.