श्रवणप्रक्रिया दोष, शाळकरी मुलांमधील

कानांची श्रवणक्षमता सर्वसाधारण असूनही ऐकू आलेल्या ध्वनींची, विशेषतः बोलण्याची, मेंदूत नीट उकल न होण्याची अवस्था. ‘ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘एपीडी’ असेही म्हणतात. शांत खोलीतील तपासणीत अशा मुलाचा ऑडिओग्राम (श्रवणक्षमतेचा आलेख) निर्दोष येतो. भरलेल्या वर्गात मात्र त्याला शिक्षकांचे बोलणे तुटक तुटक कळते. मग ‘लक्ष नसते’, ‘सांगितलेले ऐकत नाही’ असे शेरे त्याच्या वाट्याला येतात आणि मूळ अडचण तपासायची राहून जाते.

लक्षणे : बाई एका दमात सांगतात, “गणिताचं पुस्तक काढा, पान तेवीस उघडा आणि तिसरं उदाहरण वहीत सोडवा.” मूल पुस्तक काढते आणि थबकते; शेजाऱ्याचे बघून पान शोधते. त्याच तीन सूचना फळ्यावर लिहिल्या, तर ते काम पुरे करते. वारंवार ‘काय?’ विचारणे, उत्तर द्यायला वेळ लागणे, गोंगाटात गडबडणे, आवाज कोणत्या बाजूने आला हे न उमगणे ही इतर लक्षणे होत. श्रुतलेखनात ‘धार’चे ‘दार’ किंवा ‘पाठ’चे ‘पाट’ होते. पाहून लिहिताना तसे होत नाही. मात्र अशा चुका लिहायला शिकणाऱ्या अनेक मुलांच्या होतात. केवळ त्यांवरून दोष ठरवता येत नाही.

कारणे : अंतर्कर्णातून निघालेले संदेश श्रवणतंत्रिका व मस्तिष्कस्तंभामार्गे मेंदूच्या शंखखंडात पोहोचतात. ‘प’ आणि ‘ब’ यांच्यातील फरक सेकंदाच्या काही शतांश भागांत टिपावा लागतो. दोन्ही कानांकडून आलेली माहिती जुळवून हवा तो आवाज गोंगाटातून वेगळा काढावा लागतो. या कामांत कोठेही उणीव राहिली, तरी समजण्यात खंड पडतो. अकाली जन्म, डोक्याला इजा आणि लहानपणी मध्यकर्णात दीर्घकाळ पाणी साठून राहणे यांच्याशी हा दोष जोडला जातो. अनेक मुलांत नेमके कारण सापडत नाही.

इतिहास : १९५४ मध्ये इटलीत एत्तोरे बोक्का व सहकाऱ्यांनी शंखखंडात गाठ असलेल्या रुग्णांना मुद्दाम अस्पष्ट केलेले शब्द ऐकवून नेहमीच्या तपासणीत न दिसणारा दोष उघड केला. १९६१ मध्ये डोरीन किमुरा यांनी दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे अंक ऐकवण्याच्या चाचणीवरील संशोधन प्रसिद्ध केले. या चाचणीची रूपे आजही वापरात आहेत.

निदान : प्रथम नेहमीची श्रवणचाचणी व मध्यकर्णाची तपासणी करून बहिरेपण नाही याची खात्री करतात. विशेष चाचण्या साधारणतः सातव्या वर्षानंतर घेतात. त्याआधी मुलांचे निकाल फार बदलते असतात. चाचणी मुलाच्या सरावाच्या भाषेत असावी, अन्यथा भाषेची अनोळख हाच दोष समजला जाण्याचा धोका असतो. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेत शाळकरी मुलांच्या प्राथमिक चाळणीसाठी प्रश्नावली तयार झाली आहे.

मतभेद : अमेरिकन वाक्-भाषा-श्रवण संघाने २००५ च्या अहवालात हा स्वतंत्र दोष मानला. ब्रिटनमधील डेव्हिड मूर व सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात मात्र मुलांच्या ऐकण्याच्या तक्रारींचा संबंध ध्वनिसंवेदनेपेक्षा अवधान व आकलनाशी अधिक आढळला. अवधानदोष, भाषाविकासातील अडचणी व वाचनअक्षमता यांची लक्षणेही यात मिसळतात. म्हणून श्रवणतज्ज्ञ, वाचातज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ यांनी मिळून मुलाला तपासणे श्रेयस्कर.

उपाय : सर्वांत आधी वर्गातला गोंगाट कमी करावा. अमेरिकेतील मानकानुसार सर्वसाधारण आकाराच्या रिकाम्या वर्गात पार्श्वध्वनी ३५ डेसिबलपेक्षा जास्त आणि निनादकाल (आवाजाचा घुमारा विरण्यास लागणारा वेळ) ०.६ सेकंदापेक्षा अधिक नसावा. शिक्षकांचा आवाज गोंगाटापेक्षा सुमारे १५ डेसिबलने वरचढ असावा, अशीही शिफारस आहे. रस्त्यालगतच्या, उघड्या खिडक्यांच्या, पंखे घरघरणाऱ्या वर्गात हे साधत नाही. अशा वेळी मुलाला पुढच्या बाकावर, खिडकी-दारापासून दूर बसवावे. त्याचे लक्ष वेधून मगच बोलावे. एका वेळी एकच सूचना द्यावी, ती फळ्यावर लिहावी आणि काय समजले ते त्याच्याकडून वदवून घ्यावे. शिक्षकांच्या गळ्यातील मायक्रोफोनमधून आवाज थेट मुलाच्या कानाशी पोहोचवणारी यंत्रणाही उपयोगी पडते. ऑस्ट्रेलियात शॅरन कॅमेरॉन व हार्वी डिलन यांनी दिशेनुसार आवाज वेगळे करता न येणाऱ्या मुलांसाठी चाचणी व सराव-कार्यक्रम विकसित केला. श्रवणसरावाच्या खेळांमुळे अभ्यासातही सुधारणा होतेच, असा पुरावा मात्र पुरेसा नाही.

भारतातील स्थिती : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत या दोषाचा स्वतंत्र उल्लेख नाही, विशिष्ट अध्ययन अक्षमता मात्र त्यात समाविष्ट आहे. त्यामुळे केवळ या निदानावर सवलत मिळवणे पालकांना अवघड जाते. मात्र वर सांगितलेली बसण्याची जागा, फळ्यावरील सूचना व शांत वर्ग यांसाठी कोणताही दाखला लागत नाही. तपासणी होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. शंका येताच हे बदल सुरू करणे शाळेच्या हाती आहे आणि त्यांचा लाभ वर्गातल्या प्रत्येक मुलाला होतो.