शब्द कोणाचे? ठाण्यातील ‘वंचितांचा रंगमंच’ आणि बालनाट्याची परंपरा

मराठी बालरंगभूमीचा इतिहास बहुधा संस्था, नाटककार आणि प्रयोग यांच्या अनुक्रमाने सांगितला जातो. त्याच इतिहासाकडे एका निराळ्या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहणे आवश्यक आहे. रंगमंचावर उभे राहिलेले मूल जे शब्द उच्चारते, ते शब्द कोणाचे असतात?

१९५९ साली सुधा करमरकर यांनी लिटल थिएटरच्या वतीने ‘मधुमंजिरी’ हे नाटक रंगभूमीवर आणले. त्याचे लेखक होते रत्नाकर मतकरी. पुढे १९६२ मध्ये मतकरींनी ‘बालनाट्य’ ही स्वतःची संस्था स्थापन केली. या प्रयत्नांनी बालनाट्यास प्रतिष्ठा प्राप्त झाली, हे निर्विवाद होय. परंतु हे नाट्य प्रौढांनी मुलांकरिता रचलेले होते. उन्हाळी सुटीतील नाट्यशिबिरांतही बहुधा हीच व्यवस्था स्थिर झाली : तयार संहिता, भूमिकांची वाटणी, पाठांतर आणि अखेरच्या दिवशी पालकांसमोर प्रयोग. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील मध्यमवर्गीय कुटुंबांना हा क्रम सुपरिचित आहे. त्यात मुलाचा आवाज ऐकू येतो, पण वाक्य दुसऱ्याचे असते.

वस्तुतः लिखित संहितेवाचून नाट्य उभे करणे मराठी परंपरेस अपरिचित नाही. कोकणातील दशावतारात कथानक ठरलेले असते, संवाद मात्र नट प्रसंगी रचतात. तमाशातील बतावणी हजरजबाबीपणावरच उभी असते. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने हा लोकनाट्याचा बाज स्वीकारून तरुणांना सामाजिक प्रबोधनाच्या कार्यात आणले. तथापि तेथेही वसंत बापट, पु. ल. देशपांडे यांच्यासारख्या सिद्धहस्त लेखकांच्या रचनांचा आधार होता.

या पार्श्वभूमीवर २०१४ साली ठाण्यात सुरू झालेल्या ‘वंचितांचा रंगमंच’ या उपक्रमाचे महत्त्व ध्यानात येते. कल्पना मतकरींची होती आणि समता विचार प्रसारक संस्थेने ती प्रत्यक्षात आणली. शहरातील श्रमिक वस्त्यांतील मुला-मुलींनी आपल्या जीवनातील विषय स्वतः निवडावा, एकत्र बसून नाटिका रचावी आणि ती ‘नाट्यजल्लोष’ या महोत्सवात सादर करावी, अशी ही योजना होती. जाणत्या रंगकर्मींनी मार्गदर्शन करावे, संहिता मात्र देऊ नये. अर्धशतकाहून अधिक काळ मुलांसाठी लिहिणाऱ्या नाटककाराने उत्तरायुष्यात लेखणी मुलांच्याच हाती द्यावी, ही घटना बालनाट्याच्या इतिहासात लक्षणीय मानली पाहिजे.

भाषेच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ खोल आहे. पाठ केलेल्या संहितेत वस्तीतील मुलाची बोली हा उच्चारदोष ठरतो आणि तालमीत तो दुरुस्त केला जातो. स्वतः रचलेल्या नाटिकेत तीच बोली पात्राची ओळख बनते. व्यसनाने पोखरलेले घर किंवा शाळा सुटलेली मुलगी प्रमाणभाषेत बोलू लागली, तर अनुभव आणि वाक्य यांत फट पडते. ज्यांनी तो अनुभव सोसला, तेच ती फट बुजवू शकतात.

क्रांतीनंतरच्या रशियात आस्या लात्सिस यांनी १९१८ मध्ये ओर्योल येथे निराधार मुलांसमवेत असाच प्रयोग केला होता. वॉल्टर बेंजामिन यांनी त्याचे तात्त्विक विवेचन केले. प्रयोगापेक्षा घडणीस महत्त्व द्यावे, हा त्यातील गाभा होय. याउलट बर्लिनचे ग्रिप्स नाट्य १९८६ पासून मोहन आगाशे यांच्या प्रयत्नाने पुण्यात रुजले, तेव्हा मुलांचे वास्तव रंगमंचावर आले खरे, पण ते प्रौढ लेखकांच्या शब्दांत आणि प्रौढ नटांच्या मुखातून.

येथे एक आक्षेप संभवतो. मार्गदर्शक प्रौढ असेल आणि संस्थेस निश्चित सामाजिक भूमिका असेल, तर मुले आयोजकांना रुचेल तेच बोलणार नाहीत काय? हा धोका वास्तविक आहे. प्रत्येक नाटिकेच्या शेवटी बोधवाक्य येऊ लागले, की संहिता न देताही ती दिली गेली असे समजावे. म्हणूनच अशा उपक्रमाची कसोटी प्रयोगाच्या सफाईत शोधू नये. आयोजकांस अनपेक्षित असे काही मुलांनी म्हटले काय, आणि ते राहू दिले गेले काय, हीच ती कसोटी होय.

२०२० मध्ये मतकरींचे निधन झाले. उपक्रम त्यानंतरही त्यांच्या स्मृतीशी जोडून चालू राहिला. सामूहिक रचनेचा स्वभावच असा, की ती प्रयोगाबरोबर विरून जाते, आणि छापील नाटकांवर विसंबणारा इतिहास तिची दखल घेत नाही. या नाटिकांचे संवाद आणि तालमींतील पाठभेद वेळीच नोंदविले गेले नाहीत, तर मुलांनी मिळविलेले शब्द इतिहासातून पुन्हा एकदा हरवतील.