वस्तुसंग्रहालये, यूरोपातील : लोकप्रवेशाचा इतिहास

यूरोपातील फ्लॉरेन्स, रोम, लंडन, पॅरिस, व्हिएन्ना, माद्रिद, बर्लिन इ. नगरांतील कला व इतिहास यांची प्रसिद्ध संग्रहालये आज कोणासही तिकीट काढून वा विनामूल्य पाहता येतात. तथापि हा मुक्त प्रवेश या संग्रहांबरोबर जन्मास आलेला नाही. राजे, धर्मपीठे व धनिक यांच्या खाजगी संग्रहांचे सार्वजनिक ठेव्यात रूपांतर होण्यास आणि त्या ठेव्यासमोर सामान्य माणसास विनापरवाना उभे राहता येण्यास दीर्घ काळ लागला. या वाटचालीत तीन वेगवेगळे प्रश्न पुढे आले : संग्रहालयात कोणी यावे, आलेल्यास तेथील वस्तूंचा अर्थ कसा कळावा आणि या वस्तू ज्या समाजांतून आल्या त्यांचा त्यांवर अधिकार कोणता. पहिला प्रश्न बहुतांशी सुटला असून उरलेले दोन अद्यापि वादाचे आहेत.

राजसंग्रह व पहिले प्रेक्षक : प्रबोधनकाळात इटलीत प्राचीन शिल्पे, नाणी व चित्रे जमविणे हे सत्ताधीशांच्या प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाऊ लागले. पोप चौथा सिक्स्टस याने १४७१ मध्ये काही प्राचीन ब्राँझशिल्पे रोमच्या जनतेस दिली व ती कॅपिटोलिन टेकडीवर ठेवण्यात आली. तेथील संग्रहालय लोकांसाठी रीतसर खुले झाले, ते मात्र १७३४ मध्ये. फ्लॉरेन्स येथे जॉर्जो व्हाझारी या चित्रकार-वास्तुविशारदाने १५६० पासून मेदीची घराण्यासाठी एक इमारत उभारली. ती राज्यकारभाराच्या कचेऱ्यांकरिता होती आणि ‘उफ्फीत्सी’ या नावाचा अर्थही कचेऱ्या असाच आहे. तिच्या वरच्या मजल्यावर पुढे घराण्याचा कलासंग्रह मांडण्यात आला. आल्प्सच्या उत्तरेकडील राजवाड्यांत शंखशिंपले, दुर्मिळ प्राण्यांची शिंगे, घड्याळे, यांत्रिक खेळणी व चित्रे एकत्र ठेवलेले जिज्ञासाकक्ष असत. असे संग्रह पाहण्यास राजदूत, सरदार व विद्वान येत. त्यासाठी ओळखपत्र लागे आणि बऱ्याचदा रखवालदारास बक्षिसीही द्यावी लागे.

या पद्धतीस काही ठिकाणी लवकर छेद गेला. स्वित्झर्लंडमधील बाझेल नगराने आमरबाख कुटुंबाचा संग्रह १६६१ मध्ये विकत घेतला आणि दहा वर्षांनी तो लोकांसाठी खुला केला. ऑक्सफर्ड येथील ॲशमोलियन संग्रहालय १६८३ मध्ये उघडले व ठराविक शुल्क भरणाऱ्या कोणासही तेथे प्रवेश मिळू लागला. साकारिआस कोनराट फोन उफेनबाख हा जर्मन विद्वान १७१० मध्ये तेथे गेला असता खेड्यातील माणसे व स्त्रिया यांनाही आत घेतले जाते आणि ती वस्तू हाताळतात, हे पाहून तो नाराज झाला. त्याची ही तक्रार म्हणजे ज्ञान हा आपल्याच वर्गाचा प्रांत आहे या तत्कालीन समजुतीचा नमुना होय.

फ्लॉरेन्सच्या संग्रहाचे भवितव्य मेदीची घराण्याची अखेरची वारस आन्ना मारीआ लुईझा हिने निश्चित केले. घराणे निर्वंश होत असता १७३७ मध्ये तिने नव्या राजवंशाशी करार केला. घराण्याचा सर्व कलासंग्रह राज्याकडे जाईल. मात्र त्यातील काहीही राजधानीबाहेर हलविता येणार नाही, कारण तो राज्याचे भूषण, जनतेचे हित व परदेशीयांच्या कुतूहलाचा विषय आहे, असे त्यात नमूद होते. या कराराने संग्रह अभंग राहिला आणि १७६९ मध्ये ग्रँड ड्यूक पीएत्रो लेओपोल्दो याने उफ्फीत्सी लोकांसाठी खुले केले. व्हिएन्नातील बेल्व्हेडेर प्रासादात सम्राट दुसरा जोसेफ याने १७८१ मध्ये राजसंग्रहातील चित्रे लोकांना दाखविण्याची व्यवस्था केली. क्रिस्टिआन फोन मेखेल याने तेथे चित्रांची मांडणी केवळ शोभेसाठी न करता देश, संप्रदाय व काळ यांच्या अनुक्रमाने केली. चित्रशाळा ही कलेच्या इतिहासाची पाठशाळा व्हावी, ही कल्पना या मांडणीत स्पष्टपणे दिसते.

ब्रिटिश म्युझियम : हान्स स्लोन या वैद्याच्या मृत्यूनंतर त्याचा ७१ हजारांहून अधिक वस्तूंचा संग्रह ब्रिटिश संसदेने १७५३ च्या कायद्यान्वये २० हजार पौंडांस घेतला. आवश्यक पैसा सोडतीद्वारा उभा करण्यात आला. राजाचे नव्हे, तर राष्ट्राचे असलेले हे संग्रहालय १५ जानेवारी १७५९ रोजी लंडन येथील माँटेग्यू हाउसमध्ये उघडले. अभ्यासू व जिज्ञासू अशा सर्वांना ते विनामूल्य खुले होते; परंतु प्रवेशपत्रासाठी नाव, धंदा व पत्ता लिहून अर्ज करावा लागे. अर्ज मंजूर झाल्यावर प्रवेशपत्र नेण्यासाठी व मग संग्रहालय पाहण्यासाठी पुन्हा येणे भाग पडे. रोजंदारीवर जगणाऱ्यास इतके हेलपाटे परवडणारे नव्हते. बर्मिंगहॅमचा ग्रंथविक्रेता विल्यम हटन याने १७८४ मध्ये जवळजवळ दोन शिलिंग मोजून दुसऱ्याकडून प्रवेशपत्र मिळविले. त्याच्या गटास सु. अर्ध्या तासात सर्व दालनांतून घाईने फिरवून बाहेर काढण्यात आले आणि वस्तूंची माहिती विचारली असता मार्गदर्शकाने त्याला फटकारले. आपला हा अनुभव हटनने पुढील वर्षी प्रसिद्ध केला. प्रवेश मिळणे व समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा हा एक जुना पुरावा होय.

१८१० पासून ठराविक दिवशी नीटनेटक्या वेशातील कोणासही प्रवेशपत्राविना आत सोडण्यात येऊ लागले. सार्वजनिक सुटीच्या दिवशी संग्रहालय उघडे ठेवल्यास जमाव नासधूस करील, अशी भीती विश्वस्तांना वाटत असे. १८३७ मध्ये ईस्टरच्या सोमवारी ते प्रथमच उघडे ठेवण्यात आले. त्या दिवशी २० हजारांहून अधिक लोक आले व भीती निराधार ठरली. लंडनमधील राष्ट्रीय संग्रहालये रविवारी उघडण्यास धर्मनिष्ठांचा विरोध होता. तो मागे पडून १८९६ मध्ये ती रविवारी खुली झाली. आठवड्याचे सहा दिवस राबणाऱ्या कामगारांच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा होता.

लूव्हर व फ्रेंच राज्यक्रांती : पॅरिस येथील लूव्हर राजवाड्यातील संग्रहालयाचे उद्‌घाटन १० ऑगस्ट १७९३ रोजी, राजसत्ता कोसळल्याच्या पहिल्या वार्षिक दिनी, झाले. त्यात प्रारंभी ५३७ चित्रे होती. त्यांत राजाच्या संग्रहातील चित्रांबरोबरच चर्चकडून जप्त केलेली चित्रेही होती. जे राजाचे होते ते आता नागरिकांचे झाले, हा या घटनेचा राजकीय अर्थ. क्रांतिकालीन दहा दिवसांच्या आठवड्यातील अखेरचे तीन दिवस सर्वसामान्यांसाठी राखून ठेवलेले असत. इतर दिवसांपैकी बरेचसे नकला करणाऱ्या कलावंतांसाठी होते. क्रांतीचा भर ओसरल्यावर ही मोकळीक आकुंचित झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बराच काळ सामान्य पॅरिसवासीयास केवळ रविवारीच प्रवेश मिळत असे.

स्वातंत्र्याच्या नावाने उघडलेल्या या संग्रहालयात लवकरच लुटीच्या वस्तू येऊ लागल्या. इटलीतील मोहिमांत नेपोलियनने पराभूत राज्यांशी केलेल्या तहांत कलाकृती देण्याची कलमे घातली. १७९७ च्या तोलेंतीनो येथील तहानंतर ‘अपोलो बेल्व्हेडेर’ व ‘लेओकोऑन’ ही शिल्पे पोपच्या संग्रहातून पॅरिसला गेली. व्हेनिसमधील सेंट मार्क चर्चवरील ब्राँझचे घोडेही नेण्यात आले. १७९८ मध्ये या वस्तूंची पॅरिसमधून विजययात्रा काढण्यात आली. कला स्वतंत्र लोकांतच शोभते, असा युक्तिवाद या कृतीच्या समर्थनार्थ केला जाई. त्यास काँत्रमेअर द कँसी या फ्रेंच विद्वानाने १७९६ मध्येच पत्ररूपाने विरोध केला होता. कलाकृती तिच्या भूमीपासून, इतर अवशेषांपासून व परंपरेपासून तोडली म्हणजे तिचा अर्थच हरपतो, हे त्याचे प्रतिपादन होते. १८०३ मध्ये संग्रहालयास नेपोलियनचे नाव देण्यात आले. १८१५ मधील वॉटर्लूच्या पराभवानंतर विजेत्या राष्ट्रांनी हजारो कलाकृती परत नेल्या. तथापि पाओलो व्हेरोनेसेचे ‘कानाची मेजवानी’ हे व्हेनिसहून आणलेले प्रचंड चित्र पॅरिसलाच राहिले. परत आलेल्यांपैकी अनेक कलाकृती मूळच्या चर्चमध्ये न जाता त्या त्या नगरातील नव्या चित्रवीथ्यांत ठेवण्यात आल्या. अशा रीतीने लूट व परतफेड या दोहोंतूनही सार्वजनिक संग्रहालयाची कल्पना यूरोपभर पसरली.

राष्ट्रीय संग्रहालयांचे शतक : माद्रिदचे प्रादो (१८१९), लंडनची नॅशनल गॅलरी (१८२४), शिंकेलने रचलेले बर्लिनचे आल्टेस म्युझियम (१८३०), सेंट पीटर्झबर्गचे न्यू हर्मिटेज (१८५२) व ॲम्स्टरडॅममधील राइक्सम्युझियमची सध्याची इमारत (१८८५) ही या शतकातील प्रमुख उदाहरणे होत. यांपैकी नॅशनल गॅलरीचा प्रारंभ राजसंग्रहातून न होता जॉन जूलिअस अँगरस्टाइन या धनिकाची ३८ चित्रे ५७ हजार पौंडांस घेऊन झाला. तिची ट्रफॅल्गर चौकातील इमारत १८३८ मध्ये खुली झाली. पश्चिम लंडनच्या श्रीमंतांना गाडीतून व पूर्वेकडील गरिबांना पायी येता यावे, हा ती जागा निवडण्यामागील एक विचार होता. पुढे धूर व गर्दी यांमुळे चित्रे खराब होतात म्हणून ती शहराबाहेरच्या स्वच्छ हवेत हलवावी, अशी सूचना आली. १८५७ मध्ये चौकशी आयोगापुढे न्यायमूर्ती कोलरिज यांनी मांडलेले मत या संदर्भात उल्लेखनीय आहे. चित्रांचे अस्तित्व हे साध्य नसून लोकांना उन्नत आनंद देण्याचे साधन आहे, असे त्यांचे म्हणणे होते. चित्रे हलविली गेली नाहीत. जतन व दर्शन यांतील हा ताण प्रत्येक संग्रहालयात आजही असतो.

१८५७ मध्येच लंडन येथे हेन्री कोल याच्या पुढाकाराने साउथ केन्सिंग्टन म्युझियम उघडले. दिवसभर काम करणाऱ्यांना सायंकाळी येता यावे म्हणून तेथे गॅसचे दिवे लावण्यात आले आणि उपाहाराचीही सोय करण्यात आली. १८९९ मध्ये त्यास व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट म्युझियम हे नाव मिळाले. मात्र दार उघडले म्हणजे अंतर मिटते असे नाही. एमिल झोला याने १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका कादंबरीत कामगारांची लग्नाची वरात लूव्हरमध्ये शिरून दालनांत वाट चुकते, असे दाखविले आहे. प्येर बूर्द्य व आलँ दार्बेल यांनी यूरोपातील संग्रहालयांच्या प्रेक्षकांचा जो अभ्यास १९६६ मध्ये प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्षही याच दिशेचा होता. शुल्कापेक्षा शिक्षणाचा अभाव हा मोठा अडसर असून संग्रहालयाची गोडी ही उपजत नसून शिक्षणाने घडते, असे त्यांना आढळले.

युद्धकाळ : दुसऱ्या महायुद्धात संग्रहालयांतील अमोल वस्तू सुरक्षित स्थळी हलविण्यात आल्या. नॅशनल गॅलरीची चित्रे १९४१ मध्ये वेल्समधील मॅनॉड येथील पाटीच्या दगडाच्या खाणीत नेण्यात आली. लंडनवासीयांच्या मागणीवरून १९४२ पासून दरमहा एकच निवडक चित्र परत आणून दाखविण्याचा उपक्रम सुरू झाला व बाँबहल्ल्यांचा धोका असूनही लोक ते पाहण्यास येत. लेनिनग्राडच्या वेढ्यात हर्मिटेजच्या भिंतींवर रिकाम्या चौकटी तशाच टांगलेल्या होत्या. मदतीस आलेल्या सैनिकांना एका मार्गदर्शकाने त्या चौकटींसमोर उभे राहून नसलेल्या चित्रांची माहिती सांगितली. संग्रहालय ही चैनीची बाब नव्हे, असे त्या लोकांना वाटत होते, हे या दोन घटनांवरून दिसून येते.

वस्तूंचे मूळ व परतीचा प्रश्न : १८१५ मध्ये यूरोपीय राष्ट्रांनी परस्परांबाबत जे तत्त्व मान्य केले, ते वसाहतींना लागू झाले नाही. श्रीरंगपट्टण येथे १७९९ मध्ये हस्तगत केलेला टिपूचा यांत्रिक वाघ लंडनमध्ये प्रथम ईस्ट इंडिया कंपनीच्या संग्रहालयात ठेवण्यात आला आणि आज तो व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट म्युझियममध्ये आहे. अमरावतीच्या स्तूपावरील शिल्पपट्ट ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. लॉर्ड एल्गिनने अथेन्सहून आणलेली पार्थेनॉनची शिल्पे १८१६ मध्ये ३५ हजार पौंडांस घेण्यात आली. ती ग्रीस सतत परत मागत आहे. बेनिन नगरातील ब्राँझच्या कलाकृती १८९७ च्या ब्रिटिश लष्करी मोहिमेत लुटल्या जाऊन अनेक यूरोपीय संग्रहालयांत पोहोचल्या. फ्रान्सने २०२० मध्ये कायदा करून आबोमेच्या राजवाड्यातील २६ वस्तू बेनिन प्रजासत्ताकास परत केल्या, तर जर्मनीने २०२२ मध्ये आपल्या संग्रहालयांतील बेनिन नगराच्या कलाकृतींची मालकी नायजेरियाकडे देण्याचा करार केला. ब्रिटिश म्युझियमच्या विश्वस्तांना मात्र १९६३ च्या कायद्यामुळे संग्रहातील वस्तू देऊन टाकता येत नाहीत.

महाराष्ट्राशी या प्रश्नाचा थेट संबंध वाघनखांमुळे आला. व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट म्युझियममधील ही वाघनखे मराठ्यांच्या इतिहासाचा लेखक व साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडे होती व त्याच्या वंशजांकडून संग्रहालयास मिळाली. जुलै २०२४ मध्ये ती तीन वर्षांच्या मुदतीने उसनवार आणून सातारा येथील संग्रहालयात मांडण्यात आली. अफझलखानाच्या वधाच्या वेळी शिवाजी महाराजांनी वापरलेली वाघनखे हीच, असे पडताळता येत नाही, असे लंडनच्या संग्रहालयाने नमूद केले आहे. ऐतिहासिक वस्तूविषयीची लोकभावना व तिची पुराव्यानिशी ओळख या दोन्ही गोष्टी वाचकाने वेगळ्या ठेवणे इष्ट होय.

सद्यःस्थिती : ब्रिटनमधील राष्ट्रीय संग्रहालयांच्या कायम संग्रहांसाठीचे प्रवेशशुल्क डिसेंबर २००१ पासून रद्द झाले. लूव्हर पाहणाऱ्यांची संख्या २०१८ मध्ये एक कोटीवर गेली आणि प्रवेशपत्रे पुढे मर्यादित करावी लागली. म्हणजे अठराव्या शतकातील वेळ ठरवून दिलेले प्रवेशपत्र वेगळ्या कारणाने परत आले आहे. तेव्हा ते काही वर्गांना दूर ठेवण्याचे साधन होते. आता ते गर्दी आवरण्याचे आहे. तरीही दूरच्या प्रेक्षकाच्या अडचणी कायम आहेत. ज्यांच्या पूर्वजांनी अमरावतीचे वा बेनिनचे शिल्प घडविले, त्यांतील बहुसंख्यांना ते पाहण्यासाठी प्रवासखर्च व परदेशप्रवेशाचा परवाना या दोन्ही गोष्टी लागतात. सार्वजनिक हा शब्द कोणत्या जनतेस उद्देशून वापरावयाचा, याचे उत्तर यूरोपातील प्रत्येक मोठ्या संग्रहालयास आता द्यावे लागत आहे.