मालिकेतील डायन आणि इतिहासातील डाकीण

१/ ३० जुलै २०१८ रोजी स्टार प्लस वाहिनीवर ‘नजर’ ही हिंदी मालिका सुरू झाली. तिची खलनायिका मोहना ही डायन असून तिची सारी शक्ती तिच्या लांब वेणीत असते. कल्पना रंजक होती, परंतु इतिहासाच्या अभ्यासकाची मात्र पहिल्या भागापासूनच निराशा होते. त्याचे कारण मालिकेच्या मांडणीत आहे. #इतिहास #धागा

२/ त्याआधी बरोबर एक वर्ष, २०१७ च्या उन्हाळ्यात, राजस्थान, हरियाणा, दिल्ली आणि उत्तर प्रदेशात ‘कोणीतरी स्त्रियांच्या वेण्या कापत आहे’ अशी अफवा पसरली होती. ऑगस्टमध्ये आग्र्याजवळच्या एका खेड्यात जमावाने एका वृद्धेला चेटकीण ठरवून बेदम मारले. त्यात तिचा मृत्यू झाला. वर्षभरात तीच वेणी पडद्यावर करमणुकीचा विषय झाली.

३/ येथे मराठी लोकसमजुतींतील एक भेद लक्षात घ्यायला हवा. हडळ आणि जखीण ही मृत स्त्रियांची भुते मानली जातात. बारामती-इंदापूरसारख्या भागांत विहिरीच्या काठी शेंदूर लावून पुजल्या जाणाऱ्या साती आसरा या जलदेवता होत. डाकीण मात्र या सर्वांहून वेगळी. ती भूत नव्हे, देवताही नव्हे. ती शेजारच्या घरात राहणारी जिवंत बाई असते.

४/ ‘डाकीण’ हा शब्द संस्कृत ‘डाकिनी’पासून आला. वज्रयान बौद्ध परंपरेत डाकिनी ही साधकाला ज्ञानमार्ग दाखवणारी शक्ती आहे. ओडिशातील हिरापूर आणि जबलपूरजवळील भेडाघाट येथे योगिनींची मंदिरे आजही उभी आहेत. ज्या नावामागे एके काळी पूज्यभाव होता, तेच पुढे गावातल्या एखाद्या निराधार स्त्रीवर शिक्क्यासारखे मारले जाऊ लागले.

५/ सातपुड्याच्या डोंगररांगांत, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि धडगाव परिसरात, ही प्रथा दीर्घकाळ टिकली. मूल आजारी पडले, जनावर मेले की भगताकडे जायचे. भगत दाणे पाहून ‘दोषी’ बाईकडे बोट दाखवी. मग मारहाण, बहिष्कार, गावातून हकालपट्टी, कधी हत्या. बळी अनेकदा विधवा वा एकाकी स्त्री असे आणि आरोपाच्या मुळाशी कित्येकदा जमिनीचा वा भाऊबंदकीचा वाद असे.

६/ ही प्रथा केवळ खानदेशापुरती नव्हती. मेवाडातही ती होती आणि १८५३ मध्ये उदयपूर संस्थानाने तिच्यावर बंदी घातली. स्वतंत्र भारतात या विषयावर पहिला स्वतंत्र कायदा बिहारने १९९९ मध्ये केला. त्यानंतर झारखंड, छत्तीसगड, ओडिशा, राजस्थान आणि आसाम या राज्यांनीही कायदे केले.

७/ महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर अनेक वर्षे लढले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. जारणमारण, करणी किंवा चेटूक यांच्या नावाखाली एखाद्याला मारहाण करणे, त्याची नग्न धिंड काढणे वा त्याच्या रोजच्या व्यवहारावर बंदी घालणे हा आता गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड.

८/ कायद्याच्या भाषेत गुन्हेगार कोण, हे नीट पाहावे. येथे चेटकीण आरोपीच्या पिंजऱ्यात नाही. तिच्यावर तो शिक्का मारून अत्याचार करणारा त्या पिंजऱ्यात आहे. मालिका नेमके याच्या उलट करते. तिच्यात संशय घेणारी व्यक्ती शहाणी ठरते, कारण कथेतला आरोप खरा निघतो. इतिहासात मात्र तो एकदाही खरा नव्हता.

९/ अमेरिकेतही हेच दिसते. सेलम येथे १६९२ मध्ये १९ जणांना चेटकाच्या आरोपावरून फाशी दिली गेली, तर एका वृद्धाचा दगडांखाली चिरडून अंत झाला. त्याच सेलममध्ये १९७० साली ‘बिविच्ड’ या विनोदी मालिकेचे चित्रीकरण झाले आणि २००५ मध्ये तिच्या चेटकीण नायिकेचा पुतळाही उभा राहिला. त्या खटल्यांतील शेवटच्या दोषी स्त्रीला निर्दोष ठरवायला मात्र २०२२ साल उजाडले.

१०/ मग चेटकीण रंगवूच नये काय? तसे नव्हे. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तील चिंची चेटकीण मराठी मुलांच्या पिढ्यांनी मनसोक्त अनुभवली. ती भूमिका आधी दिलीप प्रभावळकरांनी आणि २०१८ च्या नव्या प्रयोगांत वैभव मांगले यांनी गाजवली. पुरुषाने साकारलेली ही परीकथेतली चेटकीण पाहून कोणाला शेजारची बाई आठवत नाही. म्हणून ती निरुपद्रवी.

११/ ‘नजर’मधील डायन मात्र भरल्या घरात, नातेवाइकांत वावरते. कोणत्याही घरातल्या सासू, जाऊ वा शेजारणीकडे त्याच संशयाने पाहता येईल, अशीच ती रचना आहे. ज्या राज्याला चेटकाविरुद्ध कायदा करण्यासाठी एवढी मोठी किंमत मोजावी लागली, तेथील प्रेक्षकाने अशी मालिका पाहताना निदान एक प्रश्न विचारावा : या बाईला डायन प्रथम कोण म्हणाले, आणि त्यात त्याचा लाभ कोणता?