अंधेरी क्रीडासंकुलातील महिला फुटबॉल (२०२२)

आशियाई महिला चषक स्पर्धेचे, जानेवारी २०२२ मध्ये मुंबईच्या पश्चिम उपनगरात झालेले साखळी सामने. भारताकडे यजमानपद आल्यावर नवी मुंबई, पुण्याजवळील बालेवाडी आणि अंधेरी ही तीन स्थळे मुक्रर झाली. पैकी अंधेरीचे मैदान हे वीरा देसाई मार्गावरील, बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या मालकीच्या शहाजी राजे भोसले क्रीडासंकुलातील होय.

येथील सर्वांत संस्मरणीय सामना २१ जानेवारीचा. त्यात ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियावर १८–० असा विजय मिळविला आणि कर्णधार सॅम केर हिने पाच गोल नोंदवून टिम केहिल याचा, स्त्री-पुरुष अशा दोन्ही राष्ट्रीय संघांत तोवर सर्वोच्च असलेला, ५० गोलांचा विक्रम मागे टाकला. हीच केर त्यापूर्वी आठ महिने, १६ मे २०२१ रोजी, स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे यूरोपीय महिला क्लब अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात चेल्सीकडून उतरली होती, आणि बार्सेलोनाने पहिल्या ३६ मिनिटांतच चार गोल चढवून तो सामना निकालात काढला होता. तिची सहकारी एली कार्पेंटर २१ मे २०२२ रोजी तुरिन येथे ल्योंकडून पुढील अंतिम सामना खेळली. ल्योंने तो ३–१ असा जिंकला, परंतु कार्पेंटरला गुडघ्याच्या गंभीर दुखापतीमुळे आरंभीच मैदान सोडावे लागले. यूरोपच्या दोन अंतिम सामन्यांच्या मधल्या काळात त्या दर्जाचा खेळ अंधेरीच्या हिरवळीवर झाला, ही गोष्ट उपनगराच्या क्रीडेतिहासात ठळकपणे नोंदली गेली पाहिजे.

अठरा गोलांच्या तफावतीचे मूळ केवळ व्यक्तिगत कौशल्यात शोधणे अपुरे ठरेल. २००१–०२ मध्ये सुरू झालेल्या त्या यूरोपीय स्पर्धेने स्त्रियांच्या क्लबांना दरसालची कसोटी दिली, आणि ऑस्ट्रेलियाच्या काही खेळाडू त्याच मुशीतून आल्या होत्या. याउलट इंडोनेशियाचा संघ १९८९ नंतर प्रथमच आशियाई महिला चषक स्पर्धेत दाखल झाला होता.

महामारीच्या निर्बंधांमुळे प्रेक्षकांना प्रवेशाची मुभा नव्हती. अंधेरी-जोगेश्वरीच्या मुलींना हा खेळ प्रत्यक्ष पाहता आला नाही, ही हानी मोठीच होय. भारतीय संघाची गत याहून दुःखद झाली: इराणशी गोलशून्य बरोबरी साधल्यानंतर, २३ जानेवारीस करोनाबाधेमुळे आवश्यक तितक्या खेळाडू उभ्या करणे अशक्य होऊन त्यास स्पर्धेबाहेर व्हावे लागले. त्या संघातील मनीषा कल्याण ही मात्र ऑगस्ट २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोन क्लबकडून यूरोपीय स्पर्धेच्या पात्रता फेरीत खेळली. त्या स्पर्धेत उतरणारी ती पहिली भारतीय खेळाडू होय.